तोफा पोहोचल्या, पण दारू कुठून आली? : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील दारूगोळ्याचा पुरवठा

खंदक (धागाकर्ता)

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की हेन्री नॉक्सच्या घसरगाड्यांची कथा हमखास सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. बॉस्टनमध्ये पुस्तकांचे दुकान चालवणारा पंचविशीतला तरुण, ज्याचे तोफांविषयीचे बरेचसे ज्ञान पुस्तकांतूनच आलेले होते, तो ऐन हिवाळ्यात टायकॉन्डेरोगाच्या किल्ल्यावरून सुमारे साठ टन वजनाच्या तोफा तीनशे मैल ओढत आणतो, हे चित्र कोणालाही भुरळ घालील. मात्र ते इतके ठसठशीत आहे की खरी अडचण त्याच्याआड झाकली जाते, असे माझे मत आहे. तोफ एकदा हाती आली की वर्षानुवर्षे पुरते; दारू प्रत्येक बाराला जळून संपते. (या धाग्यात दारू म्हणजे तोफेची आणि बंदुकीची, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर प्रतिसाद भलतीकडे वळतील.)

ही गोष्ट इंग्रजांना पक्की ठाऊक होती. १ सप्टेंबर १७७४ रोजी बॉस्टनमधला इंग्रज सेनापती जनरल गेज याने बॉस्टनजवळच्या दारूच्या कोठारातील साठा गुपचूप उचलून नेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनहून वसाहतींकडे शस्त्रे आणि दारूगोळा पाठवण्यावर बंदी आली. आणि १९ एप्रिल १७७५ रोजी ज्या तुकडीमुळे लेक्झिंग्टन व कॉन्कॉर्ड येथे पहिल्या गोळ्या झडल्या, ती तुकडी कॉन्कॉर्डला साठवलेली युद्धसामग्री नष्ट करण्यासाठीच निघाली होती. वसाहतींनीही स्वस्थ बसून वाट पाहिली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या लोकांनी पोर्ट्‌समथच्या बंदरावरील किल्ल्यात शिरून सुमारे शंभर पिंपे दारू पळवली. थोडक्यात, युद्ध अधिकृतपणे सुरू होण्याआधीच ते दारूच्या कोठारांवरून सुरू झाले होते.

वॉशिंग्टनने जुलै १७७५ मध्ये बॉस्टनभोवतीच्या सैन्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्याला तीनशेहून अधिक पिंपे दारू शिल्लक असल्याचे सांगण्यात आले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला प्रत्यक्ष साठा मोजला तेव्हा तो त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी भरला. यात चोरी नव्हती, फितुरी नव्हती. मॅसॅच्युसेट्सच्या समितीने आजवर गोळा केलेल्या सगळ्या दारूची बेरीज कळवली होती आणि बंकर हिलच्या लढाईत उडालेली दारू त्यातून वजा करायची राहून गेली होती. माणशी जेमतेम नऊ बार उरले होते. ही बातमी ऐकून सेनापती अर्धा तास एक शब्दही बोलला नाही, असे जनरल सलिव्हनने लिहून ठेवले आहे. त्यानंतर कित्येक महिने समोरच्या इंग्रज सैन्याला याचा सुगावा लागू न देणे हेच वॉशिंग्टनचे मोठे काम होऊन बसले.

आता नॉक्सकडे. तो ५ डिसेंबर १७७५ रोजी टायकॉन्डेरोगाला पोहोचला. तो किल्ला ईथन ॲलन आणि बेनेडिक्ट आर्नोल्ड यांनी १० मे रोजीच घेतला होता. नॉक्सने तिथून ५९ नग निवडले, त्यांत लांब पल्ल्याच्या तोफा होत्या, आखूड हॉवित्झर होत्या आणि उखळी तोफाही होत्या. आधी नावांतून लेक जॉर्ज पार करायचे आणि मग घसरगाड्यांवरून पुढे जायचे, असा बेत होता. ४२ भक्कम घसरगाड्या आणि बैलांच्या ८० जोड्या तयार ठेवल्याचे त्याने वॉशिंग्टनला कळवले. बैलांचा सौदा पुढे फिसकटला आणि बरेचसे काम घोड्यांनी केले. बर्फ नसेल तर घसरगाडी हलत नाही, आणि ऊन पडून नदीवरचा बर्फ पातळ झाला तर तोफ तळाशी जाते. नॉक्सच्या रोजनिशीत या दोन्ही चिंता आळीपाळीने येतात. हडसन नदीवर त्याने वाटेतल्या बर्फाला भोके पाडून घेतली, म्हणजे खालचे पाणी वर येऊन पसरावे, गोठावे आणि थर जाड व्हावा. तरीही एक मोठी तोफ बुडालीच. ऑल्बनीच्या लोकांनी मदत करून ती वर काढली, म्हणून नॉक्सने तिचे नाव 'द ऑल्बनी' ठेवले. पुढे बर्कशायरच्या डोंगरउतारांवर गाड्या सुसाट सुटू नयेत म्हणून झाडांना दोर गुंडाळून त्या हळूहळू सोडाव्या लागल्या. जानेवारी १७७६ च्या अखेरीस तोफा बॉस्टनच्या परिसरात पोहोचल्या.

नॉक्सने तोफांबरोबर सुमारे २,३०० पौंड शिसे आणि बंदुकीच्या चापाला लागणाऱ्या गारांचे एक पिंप आणले. दारू आणली नाही, कारण आणण्याजोगी नव्हती. १८ पौंडी तोफेच्या एका बाराला गोळ्याच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ६ पौंड दारू लागते. तेवढ्यात शिपायांच्या बंदुकांचे दोनशेहून अधिक बार निघतात. ज्या सेनापतीकडे शिपायांना द्यायलाच दारू नाही, त्याच्या दारात अशा तोफा आणून उभ्या केल्या तर त्याची चिंता मिटते की वाढते?

अभ्यासकांनी १७७५ पासून १७७७ च्या अखेरीपर्यंतचा हिशेब मांडला आहे. या काळात क्रांतिकारकांच्या हाती एकूण सुमारे २३ लाख ४७ हजार पौंड दारू आली. त्यातली युद्धाच्या सुरुवातीला हाती असलेली ८० हजार. देशी सोऱ्यापासून (सोरा हा दारूचा मुख्य घटक असलेला क्षार) देशातच केलेली १ लाख १५ हजार. बाहेरून आणलेल्या सोऱ्यापासून देशात केलेली जवळजवळ ७ लाख. आणि तयार स्वरूपातच बाहेरून आलेली १४ लाख ५४ हजार. म्हणजे दर दहा पौंडांतले नऊ पौंड समुद्र ओलांडून आलेले होते. माझा मुद्दा एवढाच की हे युद्ध ज्यांनी चालू ठेवले त्यांत घसरगाडीवाल्यांपेक्षा गलबतवाले, दलाल आणि कोठारातले कारकून यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो. जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेन तर दुरुस्त करावे.

सोरा_गंधक

धागा आवडला. आकडेवारीतील सर्वांत लहान आकड्याविषयी, म्हणजे देशी सोऱ्याविषयी, थोडे लिहितो, कारण तो आकडा लहान का राहिला हे कळले की बाकीचे आकडे मोठे का झाले ते आपोआप उलगडते.

दारूत वजनाने साधारण पाऊण भाग सोरा असतो; उरलेल्यात १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. कोळशाला अमेरिकेत तोटा नव्हता, गंधक फार लागत नव्हते. अडले ते सोऱ्यावाचून. युरोपात आणि हिंदुस्थानात सोरा काढणाऱ्यांचे पिढीजात धंदे होते. वसाहतींना आजवर इंग्लंडहून तयार दारू मिळत होती, त्यामुळे हा धंदा तिथे रुजलाच नव्हता. इंग्रजांची स्थिती नेमकी उलट होती. प्लासीच्या लढाईनंतर बिहारच्या सोऱ्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे आला होता आणि पाटण्याहून भरलेला सोरा गलबतांनी लंडनला जात होता. एका बाजूला जगातला सर्वांत संपन्न सोऱ्याचा प्रदेश, आणि दुसऱ्या बाजूला तबेल्याखालची माती, अशी ही लढत होती.

तबेल्याखालची माती हा शब्दप्रयोग मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, १७७५ मध्ये सोरा करण्याच्या पद्धती सांगणारी पुस्तिका छापून वाटली आणि ठिकठिकाणच्या सभांनी सोऱ्यासाठी बक्षिसे व हमीभाव जाहीर केले. कृती ऐकायला सोपी आहे. गोठे, तबेले, तळघरे, जुनी तंबाखूची कोठारे अशा जागांमधली, जिच्यात वर्षानुवर्षे मूत आणि शेण मुरले आहे आणि जिच्यावर पाऊस पडलेला नाही, अशी माती खरवडून काढायची. बुडाला भोके असलेल्या पिंपात गवताचा थर देऊन ती माती भरायची, वरून पाणी ओतायचे आणि खाली झिरपणारे तपकिरी पाणी पुन्हा पुन्हा त्याच मातीतून फिरवायचे. मग त्यात लाकडाच्या राखेचे पाणी मिसळायचे. ही पायरी चुकली तर सगळे वाया, कारण मातीतला नायट्रेट बहुतांशी चुन्याशी जोडलेला असतो आणि राखेतल्या पोटॅशमुळेच त्याचा खरा सोरा होतो. नंतर कढईत उकळत ठेवून वरची मळी काढत राहायचे. साधे मीठ गरम पाण्यातच आधी तळाशी बसते, ते झाऱ्याने उपसून टाकायचे. आणि राहिलेले पाणी थंड जागी ठेवले की काठाला सुईसारखे स्फटिक धरू लागतात.

घरोघरी हा प्रयोग झाला आणि घरोघरी तो थोडा थोडा बिघडला. मीठ नीट काढले नाही तर सोरा हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि अशा सोऱ्याची दारू बार काढताना नुसती फुसफुसते. शिवाय एका गोठ्याची माती एकदाच उपयोगी पडते; तिच्यात पुन्हा सोरा धरायला वर्षे जातात. म्हणून १ लाख १५ हजार पौंडांचा आकडा मला लहान न वाटता, उलट एवढा तरी कसा झाला याचे आश्चर्य वाटते.

सोरा मिळाला तरी गिरण्या कुठे होत्या? पॉल रिव्हिअर, जो रात्रीच्या घोडदौडीसाठी प्रसिद्ध आहे, त्याला नोव्हेंबर १७७५ मध्ये फिलाडेल्फियाजवळची एक चालू गिरणी पाहून येण्यासाठी मॅसॅच्युसेट्सने मुद्दाम पाठवले. तिन्ही घटक ओलसर ठेवून कुटायचे, वडी दाबायची, ती फोडून चाळणीतून दाणे पाडायचे, तोफेसाठी जाड आणि बंदुकीसाठी बारीक, आणि वाळवायचे, या प्रत्येक पायरीवर एक ठिणगी पुरे. काँग्रेसने पेन्सिल्व्हेनियात फ्रेंच क्रीकच्या काठी उभारलेली दारूची गिरणी मार्च १७७७ मध्ये स्फोटात उडाली.

टंचाई किती होती हे पाहायचे असेल तर बेंजामिन फ्रँकलिनने फेब्रुवारी १७७६ मध्ये जनरल चार्ल्स ली याला लिहिलेले पत्र पाहावे. धनुष्यबाण आणि भाले पुन्हा वापरात आणावेत अशी त्यात गंभीर सूचना आहे. बंदुकीचा एक बार भरून काढेपर्यंत माणूस चार बाण सोडतो आणि धुरामुळे त्याची नजर अडत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. लोक याला फ्रँकलिनची गंमत समजतात. कोठारांतली तेव्हाची परिस्थिती पाहता मला ती गंमत वाटत नाही.

गोलंदाज

खंदक यांच्या मूळ मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. दारूविना तोफ म्हणजे ओंडका हे खरे. पण बॉस्टनचे उदाहरण त्यासाठी चुकीचे निवडले गेले आहे. नॉक्सच्या तोफांनी आपले काम फारसे न उडताच केले, हीच तर त्या मोहिमेची खुबी आहे.

२ मार्च १७७६ पासून तीन रात्री अमेरिकन तोफांनी इतर मोर्चांवरून बॉस्टनवर मारा केला, तो मुख्यतः इंग्रजांचे लक्ष वळवण्यासाठी. त्या आवाजाच्या आडून ४ मार्चच्या रात्री डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर मोर्चे उभे राहिले. जमीन गोठलेली असल्यामुळे खणणे शक्य नव्हते, म्हणून लाकडी चौकटी, काटक्यांच्या मोळ्या आणि दाबलेल्या गवताचे भारे आधीच तयार करून गाड्यांवरून वर नेले होते. सकाळी बॉस्टनमधला इंग्रज सेनापती जनरल हाउ याने पाहिले तेव्हा बंदरातली जहाजे तोफांच्या टप्प्यात आली होती. त्याने हल्ल्याचा बेत केला, तो वादळाने उधळला, आणि १७ मार्चला इंग्रजांनी शहर सोडले. अमेरिकनांकडे किती दारू आहे हे हाउला ठाऊक नव्हते. टेकडीवर तोफा आहेत एवढे त्याला दिसत होते. जवळ दारू कमी असेल तर धाक घालायला तोफच लागते.

दुसरे असे की तोफा मिळवणेही काही सोपे नव्हते. २९ नोव्हेंबर १७७५ रोजी कॅप्टन मॅनलीने 'नॅन्सी' हे इंग्रजांचे सामानवाहू जहाज पकडले, त्यात २,००० बंदुका आणि १३ इंची पितळी उखळी तोफ सापडली. सैन्यात इतका आनंद झाला की त्या उखळीला 'काँग्रेस' असे नाव दिले गेले. बॉस्टनवर मारा सुरू झाल्यावर ती उखळी फुटली, आणि तिच्यासोबत आणखीही काही. उखळी तोफ कशी बसवायची, किती दारू घालायची हे जाणणारे लोकच नव्हते. तेव्हा तोफा, दारू आणि शिकलेला गोलंदाज या तिन्हींची टंचाई एकमेकींत गुंतलेली होती. त्यातली एकच वेगळी काढून तिला मुख्य म्हणणे मला पटत नाही.

कनेक्टिकटमधली सॉल्सबरीची भट्टी, पेन्सिल्व्हेनियातल्या वॉरिक आणि होपवेलच्या भट्ट्या, यांनी बिडाच्या तोफा ओतल्या. बिडाची तोफ स्वस्त पडते, पण तिच्यात एक दुर्गुण असतो: पितळी किंवा काशाची तोफ फुटण्यापूर्वी बहुधा फुगते, म्हणजे गोलंदाजाला सूचना मिळते, बिडाची तोफ काहीही न सांगता फुटते. म्हणून नवी तोफ सैन्याकडे देण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दारू घालून पारखायची असते. या पारखण्यातही दारू जाते, हा मुद्दा मी खंदक यांना बहाल करतो.

आणि ट्रेन्टन विसरू नये. २६ डिसेंबर १७७६ च्या पहाटे गारा आणि बर्फमिश्रित पावसात वॉशिंग्टनने सुमारे २,४०० माणसांबरोबर १८ तोफा डेलावेअर नदीपार नेल्या. एवढ्या लहान सैन्याला एवढ्या तोफा म्हणजे फारच झाल्या. बंदुका भिजून निकामी होत होत्या. तोफेचे तोंड आणि बत्तीचे छिद्र मात्र बंद करून ठेवता येते. गावातल्या दोन मुख्य रस्त्यांच्या तोंडाशी तोफा लागल्या आणि हेसियन तुकड्यांना (इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या भाडोत्री जर्मन सैनिकांना) नीट उभेच राहता आले नाही. ती सकाळ बंदुकीच्या दारूने जिंकलेली नाही.

पैलतीर

दहातील नऊ पौंड समुद्रावरून आले असे धाग्यात म्हटले आहे, तर तो समुद्र कोणाचा हे सांगायला हवे.

पहिला टप्पा लहानसहान धाडसांचा. ऑगस्ट १७७५ मध्ये बर्म्युडाच्या सेंट जॉर्जेस येथील सरकारी कोठाराच्या छपरातून आत उतरून सुमारे शंभर पिंपे दारू रातोरात किनाऱ्यावर आणली गेली आणि अमेरिकन जहाजांवर चढवली गेली. यात बेटावरचेच प्रतिष्ठित लोक सामील होते, कारण काँग्रेसने व्यापार बंद केल्यामुळे बेटाला धान्य मिळेनासे झाले होते. दारू द्या, धान्य घ्या, असा सरळ व्यवहार होता. त्याच उन्हाळ्यात काँग्रेसने ठराव केला की जो कोणी दारूगोळा घेऊन येईल त्याला तितक्याच किमतीचा माल बाहेर नेता येईल. मग व्यापाऱ्यांना वेगळे देशप्रेम शिकवावे लागले नाही.

दुसरा टप्पा कॅरिबियनमधल्या सेंट युस्टेशस या इवल्याशा डच बेटाचा. हॉलंड तटस्थ होते आणि हे बेट खुले बंदर होते. युरोपातून आलेली दारू तिथे चहाच्या पेट्यांतून, तांदळाच्या पिंपांतून अमेरिकन गलबतांवर चढे आणि मोबदल्यात तंबाखू, नीळ उतरे. भाव अर्थातच मूळ किमतीच्या कितीतरी पट. खुद्द इंग्रज व्यापारीही तिथे दुकाने मांडून बसले होते, आणि आपल्याच सैन्यावर उडणारी दारू विकण्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. १६ नोव्हेंबर १७७६ रोजी तिथल्या किल्ल्याने 'अँड्र्यू डोरिया' या अमेरिकन जहाजाच्या सलामीला तोफांनी उत्तर दिले, तेव्हा लंडनमध्ये संताप झाला. ॲडमिरल रॉडनीने फेब्रुवारी १७८१ मध्ये ते बेट घेऊन मनसोक्त लुटले.

तिसरा टप्पा बोमार्शेचा. पॅरिसमधला हा गाजलेला नाटककार, घड्याळजीचा मुलगा, दरबारी हस्तक आणि हाडाचा उपद्व्यापी माणूस. फ्रान्सला इंग्लंडशी उघड युद्ध नको होते, पण इंग्लंडचे नुकसान हवे होते. म्हणून परराष्ट्रमंत्री व्हर्जेनने त्याला एक बनावट व्यापारी पेढी काढायला सांगितले: रॉद्रिग ऑर्तालेझ आणि कंपनी. १० जून १७७६ रोजी फ्रेंच खजिन्यातून दहा लाख लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) मिळाले, थोड्याच काळात स्पेननेही तेवढेच दिले. अमेरिकेचा प्रतिनिधी सायलस डीन जुलैमध्ये पॅरिसला पोहोचला तो व्यापाऱ्याचा वेश घेऊनच.

फ्रान्सकडे द्यायला माल होता याचे कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. १७६५ पासून ग्रिबोव्हाल या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या पद्धतीने फ्रेंच तोफखान्याची नव्याने बांधणी चालली होती, त्यामुळे जुन्या लांब व जड तोफा सैन्याच्या दृष्टीने अडगळ झाल्या होत्या. बंदुकांचेही नवे नमुने येत होते. दारूच्या बाबतीत तर १७७५ पासून लाव्हाझिये, हो, रसायनशास्त्राचा तोच लाव्हाझिये, सरकारी दारूखात्याच्या चालकांपैकी एक होता आणि फ्रेंच दारूचा दर्जा व उत्पादन दोन्ही वाढत होते.

१७७७ च्या वसंतात 'मर्क्यूर' आणि 'अँफिट्राइट' ही जहाजे न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्‌समथला लागली. पहिल्यात सुमारे १२,००० बंदुका आणि १,००० पिंपे दारू होती, दुसऱ्यात ५२ तोफा. त्या वर्षी १७ ऑक्टोबरला सॅराटोगा येथे इंग्रज सेनापती जनरल बर्गॉइन शरण आला. त्याला वेढणाऱ्या सैन्यातल्या कित्येकांच्या खांद्यावर या जहाजांतून उतरलेल्या बंदुका होत्या.

पत्रावळ

एक प्रश्न आहे. इंग्रजी बंदुका, फ्रेंच बंदुका, पकडलेल्या बंदुका, घरच्या शिकारी बंदुका, हे सगळे एकाच सैन्यात असताना गोळ्या कशा पुरवत असतील? साठा मोजतानाच डोके फिरले असेल.

सोरा_गंधक

@पत्रावळ, फिरतच होते. इंग्रजी शिपायाच्या बंदुकीचा नळीव्यास पाऊण इंच, फ्रेंच बंदुकीचा ०.६९ इंच. इंग्रजी बंदुकीची गोळी फ्रेंच नळीत उतरत नाही; फ्रेंच गोळी इंग्रजी नळीत उतरते, पण खुळखुळते आणि नेम जातो. म्हणून एका पलटणीत शक्यतो एकाच जातीची बंदूक ठेवावी हा आग्रह वरचेवर धरला गेला. तोफांत आणखी एक गुंता होता, तो वजनमापाचा. फ्रेंच पौंड इंग्रजी पौंडापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी जड असतो. म्हणजे फ्रेंच चार पौंडी आणि इंग्रजी चार पौंडी तोफ नावाने बहिणी, पण एकीचा गोळा दुसरीला चालत नाही. अँफिट्राइटमधून तोफांबरोबर त्यांचे गोळेही आले, हे बरे झाले.

शिशाविषयीही सांगतो. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्याला वाचून दाखवल्यावर जमावाने तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा अश्वारूढ पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला नेले गेले आणि बायकामुलांनी बसून त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याची नावनिशीवार नोंद आहे. ज्या सैन्याला वर्षभरापूर्वी आपल्याकडे किती दारू आहे हे सांगता येत नव्हते, त्याच्याकरिता केलेली ही मोजणी मला फार बोलकी वाटते.

खंदक (धागाकर्ता)

गोलंदाज यांचा बॉस्टनविषयीचा आक्षेप मान्य. तोफ न उडताही काम करते, हे मी लिहिताना लक्षात घेतले नव्हते. मात्र तिन्ही टंचाया सारख्याच होत्या हे अजून पटत नाही. नोव्हेंबर १७७६ मध्ये फोर्ट वॉशिंग्टन आणि फोर्ट ली हे दोन किल्ले चार दिवसांच्या अंतराने पडले आणि शंभराहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. एवढा फटका बसूनही महिन्याभरात ट्रेन्टनला १८ तोफा उभ्या राहिल्या. तोफांची भरपाई झाली. आता दुसरे उदाहरण पाहा.

१६ सप्टेंबर १७७७. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला दोन्ही सैन्ये समोरासमोर आली, चकमक सुरू झाली आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळू लागला. काडतूस म्हणजे काय, तर काठीवर गुंडाळलेली कागदाची नळी, एका टोकाला दोऱ्याने बांधलेली गोळी, वर मोजून घातलेली दारू आणि पीळ दिलेले शेपूट, जे शिपाई दाताने तोडतो. ही काडतुसे कमरेच्या चामडी पेटीत, लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभी असतात. इंग्रजांच्या पेटीला जाड चामड्याचे मोठे झाकण होते. अमेरिकन पेट्या घाईने, हलक्या चामड्याच्या आणि आखूड झाकणाच्या केलेल्या होत्या. पाणी आत शिरले, कागद विरघळला, दारूचा काळा लगदा झाला. सुमारे चार लाख काडतुसे वाया गेल्याचे नॉक्सने लिहिले आहे. वॉशिंग्टनला लढाई न देता वॉरिकच्या भट्टीकडे माघार घ्यावी लागली, आणि दहा दिवसांच्या आत फिलाडेल्फिया इंग्रजांच्या ताब्यात गेले. नॅन्सी जहाज पकडून, बोमार्शेला गाठून, बर्म्युडाचे छप्पर फोडून जे कमावले, त्यातला मोठा वाटा एका दुपारी कातड्याच्या आखूड झाकणापायी वाहून गेला.

यातूनच मला ते कोठारांचे आणि कारखान्यांचे काम महत्त्वाचे वाटते, ज्याविषयी कोणी लिहीत नाही. जून १७७६ मध्ये काँग्रेसने युद्धमंडळ नेमले. १७७७ पासून बेंजामिन फ्लॉवर हा लष्करी सामग्रीचा मुख्य अधिकारी झाला आणि पेन्सिल्व्हेनियात कार्लाइल, मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्ड अशी किनाऱ्यापासून दूरची, इंग्रजी जहाजांच्या आवाक्याबाहेरची ठिकाणे निवडून तिथे काडतुसे वळणे, बंदुका दुरुस्त करणे, तोफगाडे बांधणे सुरू झाले. त्यासाठी लोहार, सुतार, चांभार यांच्या तुकड्या सैन्यातच भरती केल्या गेल्या. शिवाय जागा बदलली की रस्त्याचा प्रश्न येतो: न्यू हॅम्पशायरला उतरलेला माल बैलगाडीने पेन्सिल्व्हेनियात न्यायचा म्हणजे कित्येक आठवडे. त्या गाडीवानांची नावे असलेली स्मारके मी तरी कुठे पाहिली नाहीत; नॉक्सच्या वाटेवर मात्र दगडी खुणा ओळीने उभ्या आहेत.

गोलंदाज

पावसाचे उदाहरण जबरदस्त आहे, पण ते दारूच्या टंचाईचे नसून चांभारकामाचे आहे, असा मी हट्ट धरतो! त्याच आठवड्यातली आणखी एक घटना. बोमार्शेच्या तोफा फ्रेंच कोठारांतून निवडून देणारा अधिकारी ड्यु कुद्रे अमेरिकेत आला तो नॉक्सची तोफखान्याच्या प्रमुखाची जागा आपल्याला मिळावी हा डीनशी केलेला करार खिशात घेऊन. नॉक्स, ग्रीन आणि सलिव्हन यांनी राजीनाम्याची धमकी दिली, काँग्रेस पेचात सापडली. शेवटी १५ सप्टेंबर १७७७ रोजी स्कूलकिल नदीवरच्या तरीतून ड्यु कुद्रेच्या घोड्याने पाण्यात उडी घेतली आणि त्यात तो बुडाला. परदेशी तोफांबरोबर परदेशी माणसेही येतात, आणि ती कोठारात रचून ठेवता येत नाहीत.

यॉर्कटाउनला मात्र तोफ आणि दारू दोन्ही बाजूंचे समाधान व्हावे. ऑक्टोबर १७८१ मध्ये तिथे जो मारा झाला त्यातल्या फ्रेंचांच्या जड तोफा डी बारासच्या आरमाराने न्यूपोर्टहून समुद्रमार्गे आणल्या होत्या. बर्फ नाही, बैल नाहीत; जहाजाच्या पोटात घातल्या आणि आणल्या. ९ ऑक्टोबरला मारा सुरू झाला आणि १९ ऑक्टोबरला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे ठेवली.

पत्रावळ

आणि पैसे? बोमार्शेला त्याचे पैसे मिळाले का?

पैलतीर

@पत्रावळ, नाही, आणि हा भाग फारच वाईट आहे. बोमार्शेची समजूत अशी की आपण उधार माल पाठवतो आहोत आणि मोबदल्यात तंबाखू भरून जहाजे परत येतील. पण लंडनमध्ये त्याच्याशी आधी बोलणी केलेल्या आर्थर ली या दुसऱ्या अमेरिकन प्रतिनिधीने काँग्रेसला कळवले होते की हा सगळा माल म्हणजे फ्रान्सच्या राजाची गुप्त भेट आहे, पेढी केवळ नावापुरती आहे. अर्थात भेटीचे बिल कोण भरतो? डीनला परत बोलावून हिशेब मागितले, आणि गुप्ततेसाठी अर्धेअधिक कागद ठेवलेलेच नव्हते, त्यामुळे तो बदनाम झाला. जहाजे बहुतेक रिकामीच परतली.

पुढे फ्रान्समध्येच राज्यक्रांती झाली आणि १० जून १७७६ ची ती दहा लाख लिव्रची पावती अमेरिकनांच्या हाती लागली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा होण्याच्या तीन आठवडे आधीची, बोमार्शेच्याच सहीची. तुला हे पैसे आमच्यासाठी मिळाले होते, तेव्हा ते तुझ्या मागणीतून वजा, असे त्याला सांगण्यात आले. तो १७९९ मध्ये वारला. वारसांनी भांडण चालू ठेवले, आणि १८३५ मध्ये त्यांना ८ लाख फ्रँक देऊन प्रकरण मिटवण्यात आले.